पॉन्टून बोट: खाली दोन पाइप की तीन? आमचा अनुभव

आम्ही मिनेसोटात, मिनेटोंका लेकपासून वीस मिनिटांवर राहतो. यंदा आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले आणि कित्येक वर्षं नुसती बोलण्यात असलेली पॉन्टून बोट, म्हणजे हवाबंद पाइपांवर तरंगणारी सपाट बोट, घ्यायचं ठरलं. बघून बघून दोन उरल्या, एकाच कंपनीच्या, दोन्ही 22 फुटी, सोफे तेच, छत तेच, मुख्य फरक इतकाच की एकीला खाली ॲल्युमिनियमचे दोन पाइप आणि 90 हॉर्सपॉवर, दुसरीला तीन पाइप आणि 115. किमतीत चांगलाच फरक, त्यामुळे माझा कल दोनवालीकडेच होता.

पहिल्या ट्रायलला मी आणि नवराच गेलो, दोन्ही सारख्याच वाटल्या. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "सगळे बसल्यावर कशी चालते ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं.

मग शनिवारी दुपारी आठजण, कूलर, डबे सगळं घेऊन परत गेलो, मुद्दाम शनिवारी, कारण तेव्हा मिनेटोंकावर वेकबोटींच्या (मुद्दाम मोठ्या लाटा उठवणाऱ्या बोटींच्या) लाटा असतात. दोनवालीत पोरं पुढे जाऊन बसली तसं नाक खाली गेलं आणि एक लाट पुढच्या गेटखालून सरळ आत, आईचे पाय भिजले, ती घाबरली. फुल थ्रॉटलला ताशी 19 मैलांच्या वर जाईना. तीनवालीचं नाक उचललेलं राहिलं, 27 मिळाले, आणि आईने थर्मासमधला चहा न सांडता ओतला. तिथेच ठरलं.

म्हणून दोनवाली वाईट असं अजिबात नाही हं. 1952 मध्ये ॲम्ब्रोज वीरेस यांनी इथेच, मिनेसोटातल्या रिचमंडला, पहिली पॉन्टून बनवली ती लोखंडी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी फळ्या टाकूनच. तुमचं तळं छोटं, शांत असेल, चार-पाचजण असाल, संध्याकाळी हळूहळू एक चक्कर एवढंच हवं असेल तर दोनवाली घ्या, पैसे वाचवा. तीनवाली जड आहे, ट्रेलरसकट वजन आधी विचारा आणि आपली गाडी किती ओढू शकते ते बघा, आमची 5000 पाउंडवाली आहे म्हणून जमलं.

बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर 12 माणसं लिहिलंय म्हणून बारा भरू नका, त्याच पाटीवर एकूण वजनाचा आकडा असतो तो वाचा. लाइफ जॅकेट इथे चालत्या बोटीत दहा वर्षांखालच्या मुलांना कायद्यानेच लागतं, पण आम्ही आई-बाबांनाही घालतो, दोघांना पोहता येत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. तीनवालीची पाण्यातून वर यायची शिडी तीनच पायऱ्यांची आणि सरळ उभी, माझ्या सहा वर्षांच्या लेकीला चढताच येत नव्हतं, नवऱ्याला दर वेळी खालून उचलावं लागायचं. दोनवालीची तिरकी, पाच पायऱ्यांची होती. आम्ही तशीच वेगळी मागवून बसवली, आता ती एकटी चढते.