इंटरडेंटल ब्रश : हिरड्यांसाठी खरोखर उपयोगी वस्तू

दंतवैद्यांच्या सल्ल्यावरून मी टेपे या स्वीडिश कंपनीचे इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दोन दातांमधली फट साफ करण्याचे बारीक तारेचे छोटे ब्रश, वापरू लागले आणि त्यांबद्दल माझे मत अतिशय अनुकूल झाले आहे. या ब्रशचे महत्त्व पटण्यासाठी दात कशाच्या आधारावर उभा असतो हे आधी लक्षात घ्यावे लागते. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळावरील सिमेंटमचा थर आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटरची जागा असते; तेथील तंतूंची टोके एका बाजूला सिमेंटममध्ये आणि दुसऱ्या बाजूला हाडात रोवलेली असून चावण्याचा सगळा भार तेच पेलतात. या साऱ्यावर हिरडीचे आवरण असते. हिरडीला सूज येते ती बहुधा दोन दातांच्या फटीत, कारण साध्या ब्रशचे केस तेथे पोहोचत नाहीत आणि जिवाणूंचा थर साचत राहतो. सूज हिरडीपुरती असेपर्यंत ती पूर्ण बरी होते, पण एकदा तंतू आणि हाड झिजू लागले की गेलेले हाड आपोआप परत येत नाही. म्हणूनच ही फट रोज साफ होणे मला इतके मोलाचे वाटते.

गुलाबी ०.४ मिलिमीटरपासून काळ्या १.५ मिलिमीटरपर्यंत नऊ मापे मिळतात, आणि तारेवर प्लास्टिकचे आवरण असल्याने दाताला धातू लागत नाही. माप मात्र अंदाजाने घेऊ नये, ते दंतवैद्यांकडूनच ठरवून घ्यावे; ब्रश फटीत अलगद जायला हवा, आणि दाढांसाठी बहुधा वेगळे माप लागते. सुरुवातीला थोडे रक्त येते. ते एक-दोन आठवड्यांत थांबले नाही, तर तपासणी करून घ्यावी. तंबाखू ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण धूम्रपानामुळे हे लक्षणच दबते. आणि मशेरीने दात घासण्याची सवय असेल, तर ती सोडल्याशिवाय कोणत्याही ब्रशचा पुरेसा उपयोग होणार नाही.

दगडासारखे कडक झालेले किटण या ब्रशने निघत नाही, त्यासाठी दंतवैद्यांकडून ते खरवडून काढून घ्यावे, म्हणजेच स्केलिंग करावे लागते. ज्यांचे दात अगदी चिकटून आहेत त्यांना फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोराच सोयीचा पडेल.