ठणका की सूज? रात्री दोन वाजता कुठे धावायचं

दाढ नेमकी रात्रीच का ठणकते? आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि दाढेच्या आत सुजलेल्या नसेला पसरायला जागाच नसते. मग माणूस स्टीलच्या पेल्यात बर्फाचं पाणी घेऊन घरभर फेऱ्या मारतो. घोट तोंडात धरला की बरं, गिळला की पुन्हा कळ मस्तकात. यापेक्षा मोठी इमर्जन्सी ती कुठली?

तर आहे. गाल सुजलाय पण फारसं दुखत नाही, म्हणून घोरत पडलेला माणूस कित्येकदा जास्त धोक्यात असतो. दुखणं किती मोठं यावरून घाई ठरवायला गेलं की इथेच फसगत होते.

ठणक्यात झोप जाते, पण सहसा जीव जात नाही. सकाळपर्यंत पॅरासिटामॉल घ्या, हवं तर कापसावर थेंबभर लवंगेचं तेल. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. मशेरी तर नकोच. केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून नसेचा ठणका थांबत नाही. त्याला रूट कॅनाल करायचं, नाहीतर दाढ काढायची. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायरचं दंत रुग्णालयही आहे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सकाळी तिथली ओपीडी गाठावी. आणि ठणका आपोआप थांबला म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ नस मेली एवढाच असतो, पू मागाहून येतो.

सुजेचं गणित वेगळं. हिरडीवर छोटी पुळी आहे, ताप नाही, तोंड नीट उघडतंय, तर उद्या दाखवलं तरी चालेल. पण खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात खोल असतात. तिथला संसर्ग जिभेखाली आणि मानेकडे उतरला तर श्वासाची वाटच बंद होऊ शकते. डॉक्टर याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. जिभेखालचा भाग फुगून कडक होतो, जीभ वर उचलली जाते, थुंकी गिळवत नाही, लाळ गळते, तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज येतो. यातलं काही दिसलं, किंवा तोंड दोन बोटंही उघडेनासं झालं, तर डेंटिस्टला फोन लावत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. सूज चढून डोळा मिटायला लागला तरी तेच. रुग्णाला मधुमेह असेल तर ‘उद्या बघू’ हा शब्दच काढू नये.

पडलेल्या दाताचीही अशीच जोडी आहे, आणि इथे तर मिनिटं मोजायची असतात. क्रिकेटचा बॉल लागला, समोरचा दात मुळासकट हातात आला. पहिला प्रश्न, दात दुधाचा की पक्का? दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होते. हिरडी सकाळी दाखवली तरी चालते. पक्का असेल तर पांढऱ्या भागाला धरून उचला. मूळ चोळू नका, माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये क्षणभर विसळा आणि तिथल्या तिथे खोबणीत बसवून रुमाल चावायला द्या. हिंमत होत नसेल तर दात दुधाच्या पेल्यात टाकून निघा. पाण्यात नको, मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. गंमत बघा, दूध लागतं ते दुधाच्या दाताला नव्हे, पक्क्या दाताला! अर्ध्या तासात डॉक्टर गाठले तर उत्तम. तासभर कोरडा राहिलेला दात जगण्याची आशा फार कमी, तरी घेऊन जाच. मात्र मूल बेशुद्ध पडलं असेल किंवा उलट्या करत असेल तर आधी डोक्याचं बघा, दात नंतर.

दाढ काढल्यावर थुंकी लालसर दिसणं आणि रक्त वाहत राहणं यातही घोळ होतो. पहिलं दिवसभर चालू शकतं. दुसऱ्याला स्वच्छ कापडाचा बोळा अर्धा तास घट्ट चावायचा, मधेमधे काढून बघायचं नाही, चूळ भरायची नाही. तरी थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रात्रीच जा.

जबडा दुखतोय पण कुठली दाढ ते बोट ठेवून सांगता येत नाही, जिना चढताना वाढतंय, घाम फुटलाय, छातीत जड वाटतंय? हे दाताचं नाही, हृदयाचं असू शकतं. लगेच १०८.

आणि कॅप निघाली असेल तर एका डबीत नीट ठेवा आणि झोपा. फेविक्विकने चिकटवू नका, डॉक्टरांना ती सोडवायला दुप्पट वेळ लागतो.