मांडुळाच्या खुराकापायी माझे 1,80,900 रुपये गेले

मांडुळाचा धंदा कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणे दोन तोंडांचा साप, गुप्तधन दाखवतो, बाहेरची पार्टी कोटीत घेते. माझ्याकडे आलेल्यांनी गुप्तधनाचं नावच काढलं नाही. "औषध कंपनीला संशोधनासाठी हवाय, परवाना आमच्याकडे आहे. साप आमच्याकडेच राहील, तुम्ही फक्त सांभाळायचा खर्च उचला, चार आणे हिस्सा तुमचा." त्यांना घेऊन आलेला माणूस आमच्या पाहुण्यांतला. कांदा मातीमोल गेलेला, पतसंस्थेचा तगादा दारात. अशा वेळी कुणीही ऐकून घेतलं असतं. आणि असा विक्रीचा परवाना कुणालाच मिळत नाही, हे कोण सांगणार होतं?

टोकन 51,000. टब, वाळू आणि उबेचा दिवा, 18,500. मग दर आठवड्याचा खुराक सुरू झाला: उंदीर, अंडी, डॉक्टर आणि दूध. त्याचे मिळून 36,400. "अडीच किलो भरला की पार्टी येणार."

ते दूध! रोज एक लिटर! माझ्या गोठ्यात म्हशी आहेत, दुधाचा हिशोब मला कुणी शिकवायला नको. साप दूध पीत नाही, हे गावच्या शाळेत सर्पमित्र सांगून गेले होते. मांडूळ उंदीर-घुशींवर जगतं, एकदा पोट भरलं की कित्येक दिवस खात नाही, भुसभुशीत मातीत पडून राहतं. मी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "दोन तोंडं आहेत, खुराक दुप्पट लागतो." सोबत व्हिडिओ, त्यात खरंच दोन्हीकडे तोंड! मांडुळाची शेपटी मुळातच बोथट असते, तिला डागून, चिरून तोंड करतात. त्या मुक्या जिवाचे हाल माझ्या पैशावर चालले होते, याची चीड जास्त आहे.

शेवटी साप तपासणाऱ्या "टेस्टिंग"वाल्या साहेबाच्या नावावर 75,000 नेले आणि सगळे फोन बंद.

ठाण्यात गेलो तर म्हणाले, "मांडुळाचं नाव लिहिलंत तर आधी तुम्हालाच आत घ्यावं लागेल." साप मी डोळ्यांनी पाहिला नाही, हातात धरला नाही, मी आरोपी कसा? वनखात्यात म्हणाले, साप घेऊन या, मग बघू. साप असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो! बँकेत म्हणे, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. नंबर आहेत, खाती आहेत, व्हिडिओ आहेत, आणि एकालाही ते उघडून बघावंसं वाटलं नाही. चोर मोकळे आणि मी खुर्च्यांसमोर उभा.

वजन, टेस्टिंग, पार्टी यातला एक शब्द कानावर आला की फोन ठेवा. पाहुणा मध्ये असला तरी ठेवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मांडूळ पकडणं, पाळणं, विकणं सगळाच गुन्हा आहे, आणि तुमची भीती हेच या टोळीचं भांडवल. पैसे गेले की त्याच तासाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, मी उशीर केला तो फसल्याच्या लाजेपायी. कुठे मांडूळ कोंडलेलं कळलं तर वनखात्याचा 1926. आणि ठाण्यात अर्ज घेतला नाही तर वाद घालू नका, पोलीस अधीक्षकांच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवा. माझा गेलाय, पावती जपून ठेवली आहे.