सरस, भीमथडी, दिल्ली हाट की सूरजकुंड? माल घेऊन कुठे जावं आणि खरेदीला कुठे

हाताने बनवलेला माल विकायला पहिल्यांदा गावाबाहेर पडणाऱ्याला बहुतेक जण सांगतात, मोठ्या मेळ्याला जा. सल्ला अर्धवट आहे. मेळ्याला किती गर्दी होते त्यापेक्षा तो किती दिवस चालतो, आणि तेवढे दिवस गाळा भरलेला दिसेल इतका माल आपल्या हातून होतो का, यावर कमाई ठरते. म्हणून इथे महाराष्ट्रातल्या कारागिराच्या नजरेतून चार ठिकाणं शेजारी शेजारी ठेवली आहेत: मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा, दिल्ली हाट आणि फरिदाबादचा सूरजकुंड मेळा. खरेदीदारांसाठीचा भाग शेवटी आहे. विकणाऱ्यांनीही तो वाचावा, कारण गिऱ्हाईक नेमकं काय तपासणार हे त्यातून कळतं.

आधी हिशोब

समजा, एका वारली चित्राची किंमत ६०० रुपये आहे. कापड, रंग, चौकट आणि स्वतःची मजुरी मिळून ३३० रुपये, पॅकिंगचे २०. हातात राहिले २५०. (मजुरी धरायचीच. ती न धरता काढलेला नफा हा नफा नसतो.) आता दोघांनी सूरजकुंडला जायचं तर रेल्वेचं भाडं, मालाचं पार्सल, सोळा-सतरा दिवसांचं राहणं-जेवण आणि गाळा धरून ६०,००० रुपये खर्च आला असं मानू. नुसता खर्च भरून निघायला २४० चित्रं विकावी लागतील, म्हणजे रोज चौदा-पंधरा. तेच घर भीमथडीला गेलं आणि खर्च १८,००० आला, तर ७२ चित्रं पुरतात. सहा दिवसांत रोज बारा.

रोजचा खप जवळपास सारखाच दिसतो. फरक आहे तो तयारीत. दोघं मिळून दिवसाला पाच चित्रं करत असतील तर भीमथडीसाठी पंधरा दिवस आधी बसायला हवं, सूरजकुंडसाठी अठ्ठेचाळीस. आणि हे फक्त खर्च भागण्यापुरतं झालं. कमवायचं असेल तर माल दीडपट-दुप्पट लागतो. वरचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतःचे घालून पाहा. एवढा माल तयार नसेल तर आठव्या-नवव्या दिवशी गाळा ओस दिसू लागतो, गिऱ्हाईक न थांबता पुढे जातं, पण राहण्या-जेवणाचा खर्च रोज चालूच राहतो. लांबच्या मेळ्यात बुडालेले बहुतेक जण खप नव्हता म्हणून बुडालेले नसतात. विकायला वेळेवर माल नव्हता, हे खरं कारण असतं.

महालक्ष्मी सरस आणि भीमथडी

सरस हे ग्रामविकास खात्याच्या ‘उमेद’ अभियानाचं प्रदर्शन आहे. तिथे एकट्या कारागिराला वाव नाही, गाळा महिला बचत गटाला मिळतो आणि रस्ता तालुका आणि जिल्हा कक्षातूनच जातो. अलीकडच्या वर्षांत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर भरतं. तारीख डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी यांत कुठेही येऊ शकते, मुक्काम साधारण बारा-तेरा दिवसांचा. भीमथडी बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची. डिसेंबरात पाच-सहा दिवस चालते. इथेही बचत गट आणि ग्रामीण उद्योजिकांनाच पुढे केलं जातं, मात्र अर्ज ट्रस्टकडे करायचा असतो.

दोन्हीकडे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गर्दी मुख्यतः जेवायला येते. खाद्यपदार्थांचे गाळे संध्याकाळी सहानंतर तुडुंब भरतात आणि माणसं जेवून बाहेर पडताना हस्तकलेकडे वळतात. त्या वेळी हातात पिशव्या असतात, पोरं कंटाळलेली असतात. अशा गिऱ्हाइकाकडून शंभर ते चारशे रुपयांची वस्तू लगेच उचलली जाते: चाव्यांची किचेन, लहान चित्रं, लाकडी फळं, बांबूच्या टोपल्या. पाच-दहा हजारांच्या पैठणीचं गिऱ्हाईक दुपारी अकरा ते तीनमध्ये येतं आणि बसून बघतं. त्यामुळे महाग माल असलेल्या गटाने दुपारी सगळ्यात जाणती बाई गाळ्यावर ठेवावी. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं, जाणती बाई दुपारी जेवायला गेलेली असते.

नवख्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे. पहिला अनुभव भीमथडीसारख्या छोट्या मुदतीच्या ठिकाणी घ्यावा. कोणता रंग, कोणता आकार, कोणती किंमत चालते हे पाच दिवसांत कळतं, आणि चुकलं तरी नुकसान कमी राहतं.

दिल्ली हाट

१९९४ मध्ये दक्षिण दिल्लीतल्या आयएनए भागात सुरू झालेलं दिल्ली हाट हा वर्षभर उघडा असलेला बाजार आहे. पुढे पीतमपुरा आणि जनकपुरीलाही हाट झाले. कारागिरांना गाळा पंधरा दिवसांसाठी मिळतो, मग तो दुसऱ्याकडे जातो. या फिरत्या पद्धतीमुळेच तिथे दर पंधरवड्याला नवा माल दिसतो आणि दिल्लीकर पुन्हा पुन्हा येतात. कारागीर असल्याचं ओळखपत्र इथे लागतंच.

दिल्ली हाटचं वैशिष्ट्य म्हणजे येणारा माणूस खरेदीच्याच हेतूने आलेला असतो, शिवाय परदेशी पर्यटक आणि घाऊक मागणी देणारे दुकानदारही असतात. त्यामुळे रोजच्या गल्ल्यापेक्षा मागण्यांची वही जास्त मोलाची ठरते. वही दोन रकान्यांची ठेवावी: एका बाजूला गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन, दुसऱ्या बाजूला नमुन्याचा फोटो क्रमांक, नग आणि कबूल केलेली तारीख. तारीख आपल्या खऱ्या वेगावर द्यावी. कबूल तारीख उलटून अर्धा उन्हाळा संपला तरी ज्याच्याकडे माल पोचला नाही, तो दुकानदार पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

इथे घासाघीस होते. ती धरून भाव वाढवून सांगणारे असतात, पण शेजारच्या गाळ्यावर तसाच माल कमी भावात दिसला की विश्वास जातो. चिठ्ठीवर छापील किंमत, आणि दोनपेक्षा जास्त नग घेतल्यास ठरलेली सूट, एवढं पुरतं. आगीचा धोकाही गृहीत धरा. ३० एप्रिल २०२५ रोजी आयएनएच्या हाटमध्ये लागलेल्या आगीत अनेक गाळे मालासकट जळाले. कापड, बांबू, कागद घेऊन जाणाऱ्याने मालाचा विमा उतरवावा आणि गाळ्यातल्या मालाची फोटोसह यादी फोनमध्ये ठेवावी, नाहीतर नुकसान सिद्ध करता येत नाही.

सूरजकुंड

१९८७ पासून भरणारा हा मेळा २०१३ पासून आंतरराष्ट्रीय आहे. दरवर्षी एक किंवा जास्त राज्यं मुख्य पाहुणी असतात. २०१९ मध्ये ते महाराष्ट्र होतं. फेब्रुवारीतल्या या मेळ्यात हजाराहून जास्त गाळे, परदेशी कारागीर आणि तिकीट काढून येणारी प्रचंड गर्दी असते. आपल्याच राज्याचं वर्ष असेल तर त्या वर्षी जाण्यात अर्थ आहे, कारण लोक त्या राज्याचे गाळे शोधत फिरतात. एरवी शनिवार-रविवारची गर्दी बघून हुरळू नये. बरीच माणसं नाच, झोपाळे आणि फोटो यांतच रमतात. खरा खप सोमवार ते गुरुवार सकाळी येणाऱ्यांकडून होतो.

माल तिथे का खराब होतो तेही पाहू. सावंतवाडीचं लाकूडकाम कोकणच्या दमट हवेत तयार होतं. उत्तरेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, सांध्यात फट पडते, रंगाला बारीक तडे जातात. पूर्ण वाळलेलं, मुरलेलं लाकूड वापरणं हाच उपाय. रात्री दव पडतं, म्हणून कागदावरची चित्रं उघडी ठेवली तर सकाळी फुगून वाकलेली दिसतात. ताडपत्री आणि प्लास्टिकची दुहेरी झाकण घरूनच न्यावं. कोल्हापुरी चपलांत बहुतेकदा मधली मापं आधी संपतात आणि शेवटचे पाच दिवस अगदी लहान आणि अगदी मोठी मापं घेऊन बसावं लागतं. दर दहा जोडांत सहा मधल्या मापांचे न्यावेत.

कागदपत्रं, कुठेही जा

वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांचं ‘पहचान’ कारागीर ओळखपत्र आधी काढून घ्या. हातमाग विणकरांचं ओळखपत्र वेगळं असतं. गांधी शिल्प बाजारासारख्या हस्तकलेच्या सरकारी योजनांचे दरवाजे ‘पहचान’नेच उघडतात. प्रवासभत्ता मिळणार असेल तर तो बहुधा नंतर खात्यात येतो. म्हणून मूळ तिकिटं आणि पार्सलची पावती फाडू नका, आणि जाताना लागणारी रोकड आपलीच धरा.

जीएसटीबद्दल बराच गोंधळ आहे. सर्वसाधारण व्यापाऱ्याला दुसऱ्या राज्यात तात्पुरतं विकायचं तर तात्पुरत्या करपात्र व्यक्तीची नोंदणी निदान पाच दिवस आधी करावी लागते आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. सरकारने ठरवलेल्या यादीतल्या हस्तकला वस्तू विकणाऱ्या छोट्या कारागिराला यातून सूट आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असावी (काही राज्यांत मर्यादा कमी आहे), पॅन असावा आणि मालाबरोबर ई-वे बिल (माल नेताना लागणारं, ऑनलाइन काढायचं कागदपत्र) असावं. हे ई-वे बिल माल कितीही कमी किमतीचा असला तरी लागतं. याच टप्प्यावर लोक अडकतात, कारण ५०,००० रुपयांखाली ते लागत नाही असं ऐकलेलं असतं. आपली वस्तू यादीत आहे का, हे निघण्याआधी कर सल्लागाराकडून एकदा तपासून घ्या.

शहरांतल्या दोन-तीन दिवसांच्या खासगी प्रदर्शनांबद्दल थोडक्यात. भाडं दिवसामागे जास्त, गर्दी कमी, पण खिसा मोठा. नग थोडे, किंमत मोठी असलेल्या कामाला ती परवडतात. शंभर-दोनशेच्या वस्तूला नाहीत.

खरेदीला कुठे

महाराष्ट्रातल्या गटांकडून थेट घ्यायचं असेल तर सरस आणि भीमथडी, दुपारी. इतर राज्यांचं काम निवांत बघायचं तर दिल्ली हाट, तेही कोणत्याही महिन्यात. एकाच जागी सगळ्यात जास्त विविधता हवी असेल तर सूरजकुंड, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि गेट उघडताच.

निवड पहिल्या तीन दिवसांत उत्तम असते. शेवटच्या दिवशी भाव पडतात असं म्हणतात, ते जड आणि नाजूक मालाबाबत खरं आहे. मातीची भांडी, लाकडी फर्निचर परत न्यायचा खर्च कारागिराला नको असतो. साडी किंवा चित्र पिशवीत घालून परत जातं, त्यावर आशा ठेवू नका.

तपासायचं कसं? हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी मागून-पुढून सारखी असते. यंत्रमागावरच्या साडीत मागे मोकळे धागे लोंबताना दिसतात. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असून ते महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांचं आहे. म्हणून बेळगाव भागातला कारागीर दिसला तर नकली समजू नका. वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब ठेवला की डाग गडद होऊन मुरतो, कृत्रिम चामड्यावर तो घरंगळतो. वारली चित्रात दोन माणसं हुबेहूब एकाच मापाची, एकाच जाडीच्या रेषेची दिसली तर ती छपाई समजा.

आवडलेली वस्तू हव्या त्या रंगात नसेल तर मागणी नोंदवा. आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्शाहून जास्त देऊ नका, आणि पावतीवर नमुन्याचा फोटो क्रमांक, माप आणि पोहोचवण्याची तारीख लिहून घ्या. कुरियरचा खर्च कोण देणार हेही तिथेच लिहून घ्या, कारण नंतरचे निम्मे वाद त्यावरूनच होतात.