ऑनलाइन निरंतर पशुवैद्यकीय शिक्षण: डॉक्टरांपेक्षा सहायकाच्या अधिक उपयोगी पडलेला अभ्यासक्रम

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी आणि माझ्यासोबत सहायक म्हणून काम करणारे पशुधन पर्यवेक्षक अशा आम्ही दोघांनी एका अमेरिकी संस्थेच्या निरंतर पशुवैद्यकीय शिक्षणाची वार्षिक वर्गणी भरली. माझा दवाखाना सोलापूर शहराच्या कडेला आहे. सकाळी शहरातील कुत्री-मांजरे आणि दुपारनंतर मोहोळ, मंगळवेढा व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गोठे, असे आमच्या कामाचे स्वरूप असल्यामुळे अभ्यासक्रमाचे जवळपास सर्वच विभाग आम्हाला तपासून पाहता आले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. याच धर्तीचे इतरही अभ्यासक्रम उपलब्ध आहेत, आणि अशा शिक्षणाचा आपल्या भागातील कामाशी कितपत मेळ बसतो, एवढेच मला सांगायचे आहे.

तेथील व्यवस्था थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण अभ्यासक्रमाची रचना तिच्यातूनच आलेली आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत पशुवैद्यकीय कामाच्या परवान्याचे नूतनीकरण करताना ठरावीक तासांचे शिक्षण दाखवावे लागते. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांना पशुवैद्यकासाठी 36 तास आणि नोंदणीकृत तंत्रज्ञासाठी (पशुवैद्यकाच्या प्रशिक्षित सहायकासाठी) 20 तास अशी अट आहे. ब्रिटनमध्ये 2020 पासून पशुवैद्यकासाठी वर्षाला 35 आणि पशुपरिचारिकेसाठी 15 तास आहेत. तेथील तंत्रज्ञाला रोगनिदान करण्याचा, औषध लिहून देण्याचा किंवा शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार नाही. त्यामुळे त्यांच्यासाठीच्या पाठांत उरते ती निव्वळ शुश्रूषा: जनावर हाताळणे, नमुने घेणे, सलाईन लावणे, भुलीखालच्या जनावरावर लक्ष ठेवणे आणि केलेल्या कामाची नोंद करणे. आपल्याकडे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार पदविकाधारक सहायक नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देऊ शकतो, परंतु त्याचा बहुतेक वेळ कृत्रिम रेतन, लसीकरण आणि खच्चीकरण यांत जातो. शुश्रूषा तो कामावर, पाहून पाहून शिकतो. ही उणीव या अभ्यासक्रमाने आमच्या दवाखान्यात मोठ्या प्रमाणात भरून काढली, आणि म्हणूनच माझ्या मते पशुवैद्यकाच्या भागापेक्षा तंत्रज्ञांचा भाग अधिक मोलाचा आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे व्याल्यानंतर रक्तातील कॅल्शिअम घटल्यामुळे बसलेली, उठू न शकणारी म्हैस. कॅल्शिअमची 450 मिलिलिटरची बाटली शिरेतून देताना ती सावकाश, दहा ते वीस मिनिटे घेऊन द्यायची आणि त्या वेळी हृदयाचे ठोके ऐकत राहायचे, हे प्रत्येक पशुवैद्यकाला ठाऊक असते. गोठ्यात मात्र एक माणूस बाटली धरतो, दुसरा मोरकी धरतो आणि ठोके ऐकायला कोणी उरत नाही. पाठात ही कामे आधी वाटून घेण्याची पद्धत दाखवली आहे, आणि ठोके मंदावले किंवा अनियमित झाले तर सलाईन थांबवण्याचा अधिकार ठोके ऐकणाऱ्याला दिलेला आहे. आता आमचे सहायक स्टेथोस्कोप लावून बसतात आणि मला न विचारता नळी बंद करतात. त्याच पाठात बसलेल्या जनावराला दर काही तासांनी कूस बदलून देणे, खाली वाळू किंवा जाड कडबा पसरणे आणि घसरणारी फरशी टाळणे यांची कारणे स्नायू व नसांवर पडणाऱ्या दाबाच्या आकृत्यांसह समजावली आहेत. हेच आता सहायक पशुपालकाला त्याच्या भाषेत सांगतात, आणि मी तेथून निघून गेल्यावरही म्हशीची काळजी घेतली जाते. माझ्या दृष्टीने वर्गणीचे पैसे या एका पाठात वसूल झाले.

नमुने घेण्याचे पाठही तितकेच काटेकोर आहेत. रक्तातील परजीवी पाहण्यासाठी कानाच्या टोकाच्या केशवाहिनीतून थेंब घेऊन काचपट्टीवर पातळ पसरवून तपासणीची काच करणे, ती लगेच वाळवणे आणि तिच्यावर पेन्सिलीने नाव घालणे, या गोष्टी दिसायला लहान आहेत. आमच्याकडे संकरित गायींमध्ये गोचीड ताप वारंवार दिसतो. त्यात थायलेरिया, बबेसिया की ॲनाप्लाझ्मा यांपैकी रक्तात कोणता जंतू आहे हे ओळखण्यावर उपचार अवलंबून असतात, कारण बुपार्व्हाक्वोन, डिमिनाझिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन ही त्यांवरची अनुक्रमे औषधे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काच चांगली येऊ लागल्यापासून अंदाजाने तिन्ही औषधे देण्याचा मोह टाळता येतो आणि पशुपालकाचा खर्चही वाचतो.

लहान प्राण्यांचा विभाग संपूर्ण अभ्यासक्रमात सर्वांत समृद्ध आहे. भुलीच्या वेळी दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, तापमान आणि हिरड्यांचा रंग लिहिण्याचा तक्ता आम्ही जसाच्या तसा उचलला आहे. वेदना मोजण्याची श्रेणी, मांजराला पॅरासिटामॉल का प्राणघातक ठरते, घाबरलेल्या कुत्र्याला जबरदस्ती न करता कसे तपासावे, हे सर्व उत्तम आहे.

मोठ्या जनावरांकडे वळल्यावर मात्र निराशा होते. होल्स्टिन गायींचे मोठे कळप डोळ्यांसमोर ठेवून साहित्य तयार केले आहे आणि म्हशीचा उल्लेख जवळजवळ नाही. पंढरपुरी म्हशीवर काम करणाऱ्याला मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा माज), म्हशीतील लहान आणि अंडाशयात खोल रुतलेले पीतपिंड (बीज सुटल्यावर तेथे तयार होणारी ग्रंथी), उन्हाळ्यात थंडावणारे प्रजनन यांविषयी येथे काहीही मिळणार नाही. उसाचे वाढे सतत खाऊ घातल्याने त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शिअमला बांधून ठेवते, हा आमच्या साखर पट्ट्यातील रोजचा विषय आहे. त्याचाही उल्लेख नाही. ज्वारीची विषबाधा दोन ओळींत संपते. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या शिवारात पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किराळ, म्हणजे हीच विषबाधा, लागते. तेव्हा ज्वारीतील सायनाइडमुळे लालभडक झालेले रक्त आणि नायट्रेटच्या विषबाधेतील चॉकलेटी रक्त यांतील फरक गोठ्यातच ओळखावा लागतो, कारण पहिल्यात सोडियम थायोसल्फेट लागते आणि दुसऱ्यात मिथिलीन ब्लू. हे मी सहायकांना स्वतःच शिकवले.

औषधांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तेथील पाठांत केटोप्रोफेन हे वेदनाशामक सहज येते; भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये आणि केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर 2023 मध्ये गिधाडांच्या संरक्षणासाठी बंदी आलेली आहे. वेदनाशामक म्हणून आम्ही मेलॉक्सिकॅम वापरतो. झायलाझिन या गुंगीच्या औषधाची गोष्ट त्याहून गंभीर आहे. गायीला घोड्याच्या मात्रेच्या साधारण एक दशांश मात्रा पुरते, आणि तेथे मोठ्या जनावरांसाठी मिलिलिटरमागे 100 मिलिग्रॅमची बाटली प्रचलित आहे, तर आपल्याकडे सहसा 20 मिलिग्रॅमची मिळते. पाठातील आकडा मिलिलिटरमध्ये उतरवून घेणाऱ्याकडून घोटाळा होऊ शकतो. म्हणून आमच्या दवाखान्यात सर्व मात्रा मिलिग्रॅममध्येच लिहिल्या जातात आणि बाटलीवरील तीव्रता दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय औषध भरले जात नाही.

गाभण तपासणीसाठी सोनोग्राफीचे पाठ आहेत. सुमारे तिसाव्या दिवशीचे चित्र कसे दिसते, हे त्यांतून चांगले कळते, परंतु गुदाशयातून प्रोब फिरवताना हाताला येणारी जाण पडद्यावरून शिकता येत नाही. त्यासाठी शिरवळ किंवा परभणीसारख्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन अनुभवी शिक्षकाच्या शेजारी उभे राहून शिकणे, याला मला तरी पर्याय दिसत नाही.

भाषा हा मोठा अडसर आहे. आमचे सहायक हुशार आहेत, परंतु अमेरिकी उच्चारांतील व्याख्यान त्यांना एका बैठकीत समजत नाही. आम्ही दवाखाना बंद झाल्यावर पाठ थांबवत थांबवत एकत्र पाहतो. मी मराठीत सांगतो आणि ते एका वहीत पायऱ्या लिहून ठेवतात. यात वेळ जातो हे खरे, पण एकाच रुग्णाविषयी आम्ही दोघे एका पद्धतीने विचार करू लागलो ते या बैठकांमुळेच. प्रमाणपत्र मिळते, तथापि ते तेथील परवाना मंडळांनी ठरवलेल्या तासांसाठी आहे; आपल्याकडील नोंदणीसाठी ते ग्राह्य धरले जाईल असे मानून कोणी पैसे भरू नयेत.

वर्गणीची मुदत संपत आली आहे. मी माझ्या भागाचे नूतनीकरण करणार नाही. ती रक्कम सोनोग्राफीच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवली आहे. सहायकांचा भाग मात्र पुढील वर्षासाठी घेत आहे, कारण भूल आणि जखमांच्या निगेचे काही पाठ अजून बाकी आहेत. ज्यांची प्रॅक्टिस केवळ गायी-म्हशींची आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी संस्थेकडून मोठ्या जनावरांच्या पाठांची पूर्ण यादी मागवावी आणि तीत म्हशीचे नाव किती वेळा येते ते पाहावे.