पिकअपला पुढं गार्ड की कंपनीचा बंपरच?

उसाच्या ट्रॉल्यांत नाहीतर मार्केट यार्डात बंपर चेपला, की गाडीवाला थेट कोल्हापुरातलं उद्यमनगर गाठतो, बंपरपुढं लोखंडी पाइपांचा गार्ड करून घ्यायला. घाई नको.

धक्का: बंपर स्वतः चेपून मार खातो. गार्ड चेपत नाही, मग चासीचं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचं, तोंड वाकतं. बंपर बदलता येतो. चासी सरळ करणं म्हणजे खिशाला चाट. माणूस आडवा आला तर लोखंडी पाइप जास्त घातक.

बसवणं: बंपरला काही करायचं नाही. गार्डचे ब्रॅकेट मात्र १२ एमएमच्या, ८.८ ग्रेडच्या म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टांनी, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, ढिले न होणारे) लावून कसावेत. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. चासीवर वेल्डिंग मारलं तर टाक्याशेजारूनच तडा जातो.

गंज: बंपर प्लास्टिकचा असेल तर प्रश्नच नाही. गार्डचा एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप गगनबावड्याच्या पावसात आतून सडतो. टोकं बंद करून खाली ६ एमएमचं भोक ठेवावं.

कायदा: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं असल्या गार्डवर (क्रॅश गार्डवर) कारवाई करायला राज्यांना कळवलं. दुकानदार हे सांगत नाही!

रस्त्यावर धंदा करणाऱ्या गाडीला बंपरच बरा. कारखान्याच्या आवारातच ढकलाढकली करणाऱ्या गाडीला गार्ड चालेल.