छतावरचं सोलर आणि आमचे गेलेले 1 लाख 17 हजार

माझं माहेर परळीचं. औष्णिक केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसायच्या, आणि दोरीवरचे पांढरे कपडे काढताना राख झटकूनच घ्यावी लागायची. लग्नानंतर लातूरला आले. 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद करावे लागले आणि पुढच्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. कोळशाची वीज पाणीसुद्धा पिते, हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

घरातली वीज कमी करायची हे आम्हा दोघांचं तेव्हापासूनच ठरलेलं. आधी दिवे बदलले. मग 75 वॅटचे पाच जुने पंखे काढून तिसाच्या आसपास वॅटवर चालणारे बीएलडीसी लावले. दर मार्चला गच्चीला चुना मारतो, त्यानं खालची खोली दुपारी खरंच सुसह्य होते. महिन्याचा वापर अडीचशे युनिटांवरून एकशे नव्वदवर आला. राहिलं होतं ते सोलर.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एक तरुण दारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. "काकू, महावितरणकडून आलोय, केंद्राच्या सूर्यघर सोलर योजनेचा तुमच्या भागाचा कोटा दहा दिवसांत संपतोय." बोलणं इतकं अदबीचं की ह्यांनी चहा ठेवायला सांगितला. 3 किलोवॅटचे 1 लाख 95 हजार, त्यातली सबसिडी 78 हजार. "ती आम्ही परस्पर घेऊ, तुम्ही फक्त 1 लाख 17 हजार द्या." आमचाच फोन घेऊन त्यानं अर्ज भरला. ओटीपी आला, तो मीच वाचून दाखवला.

इथंच थांबायला हवं होतं. 78 हजारांचा आकडा खरा आहे: पहिल्या दोन किलोवॅटला 30-30 हजार आणि तिसऱ्याला 18. पण ही रक्कम काम पूर्ण होऊन, नेट मीटर (घेतलेली आणि लाईनीत दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) लागून, तपासणी झाल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यात जमा होते. वजा करून पैसे मागणाऱ्याला तुमच्या सबसिडीची वाट बघायचीच नसते. आमच्या पॅनलना ती मिळणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्याचा नफा 1 लाख 17 हजारांतच निघाला होता. त्यातले 50 हजार आम्ही रोख दिले, त्याची पावती म्हणजे साध्या कागदावर शिक्का.

मार्चमध्ये सहा पॅनल आले. दोन माणसांनी एका दिवसात स्लॅबमध्ये भोकं पाडून सांगाडा ठोकला. जिन्याच्या खोलीची सावली दुपारी तीननंतर दोन पॅनलवर पडते, हे मी दाखवलं. "दोनावरच पडते ना," म्हणाला. पॅनल एकाला एक जोडून माळेसारखे असतात, दोन झाकोळले की सगळ्या माळेची वीज घटते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लाईट गेली तर चालेल का, असं ह्यांनी विचारलं. "चालणार की काका." हेही खोटं. बॅटरी नसलेलं ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनीला जोडलेलं, सोलर लाईट गेली की आपोआप बंद होतं, आणि व्हायलाच हवं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. तुमच्या दारात येणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारा. "चालेल" म्हणाला तर त्याला कामातलं कळत नाही किंवा तो फसवतोय.

"नेट मीटर मागून येईल, तोवर वापरा," म्हणून तो चालू करून गेला. एप्रिलचं बिल आलं 340 युनिटांचं. ऊन एवढं कडक, गच्चीवर सहा पॅनल, आणि बिल जवळजवळ दुप्पट. मी मीटरसमोर जाऊन उभी राहिले. भर दुपारी घरातलं सगळं बंद केलं तरी आकडा पुढं सरकत होता.

आमच्या भागातल्या वायरमननं पाच मिनिटांत सांगितलं. "ताई, हे मीटर जुनं एकाच बाजूचं आहे. तुमची जास्तीची वीज लाईनीत जाते, तीसुद्धा हे वापर म्हणून मोजतंय. नेट मीटर लागल्याशिवाय कुणी चालू करतं का?" मी तिथल्या तिथं सोलरचा एमसीबी, म्हणजे ते बंद करायचा खटका, पाडला. त्यानंच योजनेच्या सरकारी पोर्टलवर आमचा अर्ज उघडायला लावला. नोंदणीच्या पुढं काहीच नव्हतं. ना वेंडर निवडलेला, ना करारनामा. नेट मीटर येणार तरी कुठून?

मग ओळखीचा एक इंजिनिअर मुलगा वर चढला. पॅनलच्या पाठीवर एका लेबलवर दुसरं लेबल चिकटवलेलं निघालं. वरचा सिरीयल नंबर आणि पुढच्या बाजूला काचेखाली असलेला नंबर जुळेना. सबसिडीसाठी पॅनल डीसीआर लागतात, म्हणजे आतले सेलही भारतात बनलेले. तसे पॅनल महाग असतात, पण त्यांचे नंबर सरकारी डीसीआर पोर्टलवर तपासता येतात. आमच्यातला एकही नंबर तिथं सापडला नाही. त्या तरुणाचा फोन तोवर बंद झाला होता, आणि महावितरणच्या कार्यालयात त्या नावाचा माणूसच नव्हता.

जूनच्या पहिल्या पावसात त्या भोकांतून देवघरात पाणी उतरलं. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला सांगू. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की गल्लीतल्या तिघीजणी आमचं बघून सोलर लावणार होत्या आणि आता "नको बाई ते" म्हणतात. सोलर वाईट नाही हो. आमच्या चुलत दिरांकडे नांदेडला नोंदणीकृत वेंडरकडून बसवलंय, उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिट सहज निघतात.

त्यांनी केलं ते असं: वेंडर सरकारी पोर्टलच्या यादीतून स्वतः निवडला, ओटीपी कुणाला दिला नाही, पॅनलची कंपनी आणि डीसीआर हा शब्द कोटेशनमध्ये लिहून घेतला. पॅनल गच्चीवर चढवायच्या आधी खाली अंगणात काचेखालचे नंबर फोटो काढून तपासले. शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावर, तोही बँकेतून.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर नोंद केली, जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केलाय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही. ऑनलाईन पैसे गेले असतील तर मात्र त्याच दिवशी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावा. आम्ही दोन महिने त्याच्या फोनची वाट बघत बसलो.

पॅनल अजून गच्चीवरच आहेत, एमसीबी पाडलेला. आयोगानं पुरावा म्हणून मागितले तर असावेत, म्हणून उतरवले नाहीत. सांगाड्याभोवती डांबर भरून घेतलंय, आणि उरलेल्या जागेवर यंदाही चुना मारला.